निवृत्त पुलांचे काय करायचे?

कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे आणि पुढे रत्नागिरीकडे जाणारा रस्ता पंचगंगा ओलांडतो, तिथे दगडी कमानींचा शिवाजी पूल उभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात तो बांधला गेला, तेव्हा त्यावरून बैलगाड्या, घोडे आणि टांगे जात. पुढे त्याच कमानींनी एसटी, ऊस वाहणारे ट्रॅक्टर आणि मालाने भरलेले ट्रक पेलले. त्याला पर्याय म्हणून शेजारी नव्या पुलाचे काम सुरू झाले, पण काठावरची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित पुरातत्त्वीय स्थळ असल्याने ते अडले. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा स्थळापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, आणि पुलाचे टोक नेमके तिथेच येत होते. काही वर्षे नदीवर एक म्हातारा पूल आणि एक अर्धवट पूल, असे दोन पूल शेजारी शेजारी होते. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून येणारी पुण्याच्या प्रवाशांची मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली आणि १३ जणांचा जीव गेला. पुढे नवा पूल पूर्ण झाला आणि मुख्य वाहतूक त्यावर गेली. नव्या पुलाचे काय होणार यावर जितकी वर्षे चर्चा झाली, तिच्या शतांशानेही जुन्या पुलाचे पुढे काय करायचे याची झाली नाही. या प्रकरणाचा विषय तो दुसरा प्रश्न आहे. रस्त्याच्या पुलांना तो लागू आहे, तसाच रूळ उखडलेल्या रेल्वे पुलांना. किंबहुना रेल्वेच्या पुलांना जास्तच.

प्रतिपादन सरळ आहे. पुलाचे काम संपते त्या दिवशी त्याची जबाबदारी संपत नाही, उलट ती अवघड होते. म्हणून जुन्या पुलाचे पुढे काय करायचे याचा निर्णय नवा पूल मंजूर होतानाच, त्याच अंदाजपत्रकात व्हायला हवा. पूल पाडायचा, दुसऱ्या कामासाठी वापरायचा, की पहारा आणि देखभाल ठेवून जपायचा, हे तीनच मार्ग खरे आहेत. ‘पूल धोकादायक आहे, वापर बंद’ असा फलक लावून निघून जाणे हा आपल्याकडचा सर्वांत रूढ मार्ग, आणि तो या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. तो निर्णय पुढे ढकलण्याचा प्रकार आहे आणि त्याची किंमत माणसे देतात.

वापरात नसलेला पूल धोकादायक का होतो, हे समजण्यासाठी आधी वापरातला पूल सुरक्षित कसा राहतो ते पाहावे लागते. रेल्वेच्या प्रत्येक पुलाला क्रमांक असतो आणि त्याची नोंदवही असते. पावसाळा संपला की अभियंत्यांनी दरवर्षी प्रत्येक पुलाची तपासणी करायची, पाया, खांब, गर्डर, बेअरिंग यांची स्थिती लिहून ठेवायची, अशी पद्धत आहे. खांबांवर धोक्याच्या पातळीच्या खुणा रंगवलेल्या असतात. पावसाळ्यात गस्त असते, आणि पाणी त्या खुणेपर्यंत चढले की गाड्या थांबवतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत मिरज-कोल्हापूर मार्गावरची वाहतूक अशीच थांबवावी लागली होती. ही सगळी यंत्रणा एका गोष्टीभोवती फिरते: या पुलावरून गाडी जायची आहे. रूळ काढले की ते कारणच उरत नाही. नोंदवहीत पान राहते, पण त्या पानासाठी नदीच्या पात्रात उतरणारा माणूस राहत नाही. दुरुस्तीचा निधी मागताना ‘किती गाड्या जातात?’ या प्रश्नाला उत्तर शून्य येते. म्हणजे तपासणी थांबते, पैसा थांबतो, फक्त माणसे थांबत नाहीत. पलीकडच्या शेतावर जाणारे, गुरे नेणारे, मासे धरणारे, पूर बघायला येणारे, आणि अलीकडे मोबाइलवर फोटो काढणारे येतच राहतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ओझेच उरले नाही तर पूल झिजेल कशाने? शंभर वर्षे आगगाडी पेलणाऱ्या पुलाला चार माणसांचे काय? हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो, पण पुलांचे आयुष्य फक्त ओझ्याने सरत नाही. दगडी कमान दाबावर उभी असते. तिचे दगड एकमेकांना रेटून धरतात आणि चुना त्यांच्यातल्या फटी भरतो. त्या चुन्यात पाणी मुरले, पाणी निचरण्याची भोके मातीने बुजली, सांध्यात वडा-पिंपळाचे रोप धरले, की मुळे दगडांना बाजूला सारू लागतात. वापरातल्या पुलावर असे रोप दिसताच कुणीतरी काढते. बंद पुलावर ते दहा पावसाळ्यांत झाड होते. लोखंडी पुलात गंज सर्वांत आधी धरतो तो बेअरिंगजवळ आणि रिव्हेटच्या सांध्यांत, म्हणजे जिथे पाणी आणि कचरा साठतो तिथे. रंगाचा हात दर काही वर्षांनी फिरला नाही तर तो गंज आत जातो आणि वरून दिसत नाही. शिवाय लोखंडाला भंगाराचा भाव असतो, आणि निर्जन जागेतले सुटे भाग जागेवर राहत नाहीत. तिसरा आणि सर्वांत मोठा शत्रू पाण्याखाली असतो. पुराचा प्रवाह खांबापाशी भोवरा धरतो आणि पायाखालची माती खरवडून नेतो. पूर ओसरला की त्याच खड्ड्यात गाळ बसतो आणि सगळे जागच्या जागी असल्यासारखे दिसते. भारतातले कितीतरी पूल ओझ्याखाली मोडण्याऐवजी असे पायाखालून जातात. नदीला वरून गाडी जाते की नाही याच्याशी देणेघेणे नसते.

माणसांच्या ओझ्याचा हिशोबही वाटतो तसा किरकोळ नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांनुसार पुलावरच्या पादचारी मार्गाची रचना दर चौरस मीटरला ४०० किलो भार गृहीत धरून करतात, आणि गर्दीची शक्यता असेल तर ५०० किलो. खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली गर्दी इतकी जड असते. रेल्वेचा मुख्य गर्डर हा भार सहज पेलेल, कारण तो आगगाडीसाठी बनवलेला असतो. पण गर्दी मुख्य गर्डरवर उभी राहत नाही. ती उभी राहते गँगमनला चालण्यासाठी टाकलेल्या फळ्यांवर, कुजलेल्या स्लीपरांवर, आणि टेकते अशा कठड्यांना, जे मुळात गर्दीसाठी केलेलेच नव्हते. म्हणून ‘आगगाडी पेलली’ हे प्रशस्तिपत्र पादचाऱ्याच्या कामाचे नाही. ओझे बदलले की सगळा हिशोब नव्याने मांडावा लागतो.

हे केवळ तर्काचे बोलणे नाही. मे २०१७ मध्ये गोव्यातल्या कुडचडे-सावर्डे भागात नदीवरचा पोर्तुगीजकालीन पादचारी पूल कोसळला. तो वापरासाठी बंद केलेला होता. नदीत उडी घेतलेल्या एका व्यक्तीचा शोध चालू असताना तो बघायला लोक त्या पुलावर जमले, आणि पूल पन्नासेक माणसांसह पाण्यात गेला. त्यात जीव गेले. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारच्या पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. चार जण दगावले आणि कित्येक जखमी झाले. तो धोकादायक असल्याचे सर्वांना माहीत होते, फलक लावलेला होता, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. दोन्ही ठिकाणी धोका ओळखता आला नाही असे झाले नाही. ओळखलेल्या धोक्याचे पुढे काय करायचे हे कुणी ठरवले नाही. फलक लिहिणाऱ्याचे काम फलक लावून संपले आणि वाचणाऱ्याला तो रोजच्या देखाव्याचा भाग वाटू लागला.

सावित्री नदीवरची दुर्घटना याच प्रश्नाची आणखी एक बाजू दाखवते. महाडजवळचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बस आणि काही खासगी वाहने गेली. त्याच्या शेजारी नवा पूल आधीच होता. तरीही जुन्या पुलाला पूर्ण निवृत्ती मिळाली नाही. एका दिशेची वाहतूक त्याच्यावरच ठेवली गेली. पावसाळ्याआधी झालेल्या पाहणीत तो वाहतुकीस योग्य ठरल्याचे सांगितले गेले होते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ ला कोसळला, त्याचेही संरचनात्मक परीक्षण झालेले होते. यातून दोन गोष्टी घ्याव्या लागतात. अर्धी निवृत्ती ही सर्वांत फसवी अवस्था असते, कारण पूल वापरात असतो आणि मनातून सुटलेला असतो. आणि प्रमाणपत्र म्हणजे सुरक्षितता नव्हे; ते त्या दिवशी डोळ्यांना जे दिसले त्याची नोंद असते, आणि पाण्याखाली काय चालले आहे ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही.

मग सगळे जुने पूल पाडून टाकावेत का? अनेक अभियंते खासगीत हेच म्हणतील, आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. खंडाळ्याचा अमृतांजन पूल १८३० सालचा. द्रुतगती मार्गावर त्याचे खांब वाहतुकीच्या मधोमध येत. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने रस्ता रिकामा असताना तो नियंत्रित स्फोटाने पाडला. मुंबईतला रेल्वेमार्गावरचा १८६८ चा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांचा ब्लॉक घेऊन काढला. या दोन्ही ठिकाणी पूल ठेवण्यापेक्षा काढणे शहाणपणाचे होते. कोल्हापूरच्या बाबतीत तर पाडण्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. पंचगंगेचा पूर हा इथला दरवर्षीचा हिशोब आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. ‘रेडेडोह फुटला’, म्हणजे त्या ठिकाणी पुराचे पाणी पात्र सोडून बाहेर पडले, की पन्हाळा रस्ता बंद, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पुलांचे खांब आणि त्यांना जोडणारे मातीचे भराव पाण्याला अडवतात, मागे फुगवटा धरतात, यावर कोल्हापुरात प्रत्येक पुरानंतर वाद रंगतो. नवा पूल बांधून जुना तसाच ठेवला तर पात्रात खांबांची एक रांग होती तिथे दोन होतात. त्यामुळे ‘असू दे, काय बिघडते’ असे म्हणता येत नाही. जुना पूल ठेवणार असाल तर त्याने पुराच्या पातळीत किती भर पडते हे मोजून सांगायला हवे. आणि पाडणार असाल तर वरचा सांगाडा भंगारात विकून खांब पाण्यात सोडून चालणार नाही, कारण पाणी अडवतात ते खांबच.

पण पाडणे हे सगळीकडचे उत्तर नाही, याची उदाहरणेही तितकीच ठोस आहेत. न्यूयॉर्कच्या उत्तरेला पोकीप्सी इथे हडसन नदीवरचा १८८९ चा रेल्वे पूल १९७४ च्या आगीनंतर बंद पडला. मग तो हातोहात फिरत राहिला, खासगी मालकांकडे गेला, पण देखभालीचा खर्च कुणालाच नको होता. पुढे सार्वजनिक हेतूने काम करणाऱ्या संस्थेने तो हाती घेतला आणि २००९ मध्ये पादचाऱ्यांसाठी खुला केला. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरात, १९८० नंतर गाडी न धावलेल्या उन्नत रेल्वेमार्गाचा पहिला भाग बाग म्हणून खुला झाला. आपल्याकडे राजमहेंद्रीजवळ गोदावरीवरचा हॅवलॉक पूल १९०० पासून १९९७ पर्यंत रेल्वेच्या सेवेत होता. तो मोडीत काढण्याला स्थानिकांनी विरोध केला, पर्यटनाच्या योजना पुनःपुन्हा जाहीर झाल्या, पण पूल बहुतांश काळ तसाच उभा राहिला. पोकीप्सी आणि राजमहेंद्री यांतला फरक लोखंडाच्या प्रतीचा नाही. एका पुलाला शेवटी मालक मिळाला, ज्याच्यावर वर्षानुवर्षे खर्च करण्याची जबाबदारी होती. दुसऱ्याला कौतुक करणारे बरेच मिळाले, मालक मात्र मिळाला नाही.

वारसाप्रेमींना इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. पूल जपा म्हणणे सोपे आहे, पण जपणे हा दरवर्षीचा खर्च आहे. ज्या पुलासाठी तो खर्च कुणी उचलत नाही तो पूल जपला जात नसतो, फक्त पडायचा राहिलेला असतो. दुसऱ्या बाजूला, घाबरून घेतलेले निर्णयही महाग पडतात. ब्रिटनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरची तीन हजारांहून अधिक बांधकामे आता तिथल्या महामार्ग कंपनीकडे आहेत. कंब्रियातल्या ग्रेट मस्ग्रेव्ह गावचा १८६२ चा पूल तिने २०२१ मध्ये सुरक्षेच्या नावाखाली खडी आणि काँक्रीटने भरून टाकला. स्थानिक परिषदेने २०२२ मध्ये त्याला परवानगी नाकारली आणि २०२३ मध्ये तेच काँक्रीट पुन्हा काढावे लागले. भरण्याचा खर्च झाला, काढण्याचाही झाला. तरीही ब्रिटनकडून घेण्यासारखे काही आहे: तिथे निदान या सगळ्या बांधकामांची एक यादी आहे, एक मालक आहे, आणि म्हणूनच त्याला जाब विचारता आला. आपल्याकडे अशा पुलाबद्दल तक्रार करायची तर रेल्वे, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत आणि पुरातत्त्व खाते यांपैकी कुणाचे दार वाजवायचे इथपासून सुरुवात होते.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. भारतीय रेल्वेवर दीड लाखाच्या आसपास पूल आहेत आणि त्यांतले पस्तीस हजारांहून अधिक शंभरी ओलांडलेले आहेत. वापरातल्या पुलांनाच निधी पुरत नाही, तर बंद पुलांवर कशाला उधळायचा? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण तो विचारणारा असे गृहीत धरतो की काहीच न करणे फुकट असते. दुर्घटनेनंतरची भरपाई, बचावकार्य, चौकशी आणि घाईघाईने केलेली बांधकामे यांचा खर्च त्या हिशोबात धरलेला नसतो. शिवाय बंद पुलासाठी जे करायला हवे ते फार महाग नाही. पाडायचा पूल ठरलेल्या मुदतीत पाडला तर लोखंडाचे आणि घडवलेल्या दगडाचे पैसे येतात. उशीर केला तर तेच लोखंड गंजते आणि दगड वाहून जातात. तोवर लोकांना अडवण्यासाठी फलकापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही काठांचे पहिले गाळे उतरवून ठेवणे. कुलूप तोडता येते, पत्र्याचे कुंपण वाकवता येते. नसलेल्या गाळ्यावरून कुणी चालू शकत नाही. अर्थात पलीकडच्या वस्तीला दुसरी वाट नसेल तर हा उपाय अन्यायाचा ठरेल. पण तिथे खरी गरज नव्या पादचारी पुलाची असते, आणि जुना पूल उघडा ठेवून ती भागवणे म्हणजे गरिबांच्या वाटेला धोकादायक वाट देणे होय.

म्हणून मागणी एवढीच असावी. नवा पूल मंजूर करणाऱ्या प्रत्येक कागदात जुन्या पुलासाठी चार ओळी असाव्यात: नवा पूल खुला झाल्यावर जुन्याचा मालक कोण, पाडणे, वापरणे आणि जपणे यांपैकी काय ठरले, ते किती वर्षांत करायचे, आणि तोपर्यंत पावसाळ्यानंतरची तपासणी कुणी करून त्याचा अहवाल कुठे लावायचा. जपायचे ठरले तर देखभालीचा पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येणार ते सांगावे, आणि पात्रातल्या खांबांचा पुरावर होणारा परिणाम मोजून जाहीर करावा. मुदत संपूनही मालक ठरला नाही तर उत्तर आपोआप ‘पाडणे’ हे असावे. हा नियम वारसाप्रेमींना कठोर वाटेल. पण तो त्यांच्याच हिताचा आहे, कारण त्यामुळे ज्या पुलांसाठी खरोखर उभे राहायचे ते निवडावे लागते आणि मुदतीच्या आत पैसा उभा करावा लागतो. शिवाजी पुलासारखा दगडी पूल, ज्याच्या शेजारी सातवाहनकाळाचे अवशेष आणि रोमी व्यापाराच्या खुणा देणारी ब्रह्मपुरी आहे, या निवडीत बहुधा तरेल. पण तोही मुदतीत आणि हिशोबाने तरला पाहिजे, दुर्लक्षाने नव्हे.

कोल्हापुरात हा प्रश्न पुन्हा येणार हे नक्की आहे. १८८८ मध्ये काम सुरू होऊन १८९१ मध्ये खुला झालेला कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्ग रुकडीजवळ पंचगंगा ओलांडतो आणि जयसिंगपूरच्या पुढे कृष्णा. आजही हा मार्ग एकेरी आहे. दुहेरीकरण झाले की दोन्ही नद्यांवर नवे पूल लागतील, आणि महापुराच्या पातळ्या बघता ते आधीपेक्षा उंच बांधण्याचा आग्रह होईल. मग आजच्या पुलांना किती वर्षे आणि किती काम द्यायचे, एका दिशेची वाहतूक त्यांच्यावर ठेवायची का, ठेवली नाही तर ते कधी आणि कुणी काढायचे, हे प्रश्न त्याच दिवशी उभे राहतील. सावित्रीने त्यातल्या एका पर्यायाचा शेवट दाखवला आहे आणि कुंडमळ्याने दुसऱ्याचा. उत्तरे लिहायला कागद लागेल तो अंदाजपत्रकाचाच, आणि ती लिहायची वेळ निविदा निघण्याच्या आधीची आहे.